एकतीस नंबरचं ताट

१

बायबलावर हात ठेवून सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे ठेवला असता. पण मी गोष्ट सांगायला बसलो की मरिया बायबल उचलून आतल्या खोलीत नेते. मरिया माझी बायको. तेवीस वर्षांच्या संसारात ती माझ्या दोनच वाक्यांवर विश्वास ठेवायला शिकली : भूक लागलीय, आणि मशीन बिघडलंय. तेव्हा टेबलावर हात ठेवून सांगतो. हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. डोळ्यांनी म्हणजे, खरं तर पाठीनं. पण पाठ माझीच होती.

मी कृपादान. नागापूरला एमआयडीसीच्या अलीकडं माझं भांड्यांचं दुकान आहे. गावाच्या पाट्यांवर आता अहिल्यानगर आलंय, तोंडात अजून नगरच येतं. दुकानात मी भांड्यांवर नावं घालून देतो. लग्नाची भांडी, वास्तूची भांडी, वर्षश्राद्धाला वाटायचे पेले. हातात मशीन धरलं की टर्रर्र आवाज होतो आणि स्टीलवर माणूस उमटतो.

दुकानामागं आम्ही दोघं राहतो. वर दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी. जिना बाहेरून, जिन्याच्या टोकाला जाळीचं लोखंडी दार. हा वरचा मजला एका संस्थेनं भाड्यानं घेतलाय. बालगृहातली मुलगी अठराची झाली की तिला तिथून निघावं लागतं. जायचं कुठं? तर ही संस्था तिला दोन-तीन वर्षं छप्पर देते, कंपनीत चिकटवून देते, गॅस कसा लावायचा, बँकेत कसं बोलायचं ते शिकवते. ज्ञानेश्वरीताई म्हणून संस्थेच्या बाई आहेत, त्या दर बुधवारी येतात आणि वहीत लिहितात. पहिले तीन महिने कच्चे. 'जुळवून घेते' असा शेरा पडला तर मुलगी राहते. नाही पडला तर तिचं पुढं काय होतं, ते मी एकदा ताईंना विचारलं होतं. ताईंनी चष्मा पुसला.

वर निकिता आधीपासून होती. राजूरकडची, बोलायला लागली की पंखा बंद केला तरी वारा येईल अशी. दिवाळीनंतर दुसरी आली. सुकन्या. शेवगावकडच्या एका बालगृहातून. एक लोखंडी पेटी, पेटीला कुलूप, कुलपाची चावी गळ्यात काळ्या दोऱ्यात. आणि केस कानापर्यंत कापलेले, तेही वाकडेतिकडे. तिथं सगळ्या मुलींना तेल चोपडून दोन वेण्या आणि लाल रिबिनी असत म्हणे. गेटाबाहेर पडल्यावर हिनं पहिलं काम काय केलं, तर कात्री विकत घेतली.

मी पेटी उचलायला पुढं झालो. "राहू दे गं पोरी, जिना उंच आहे. मी तुझा मामा समज."

"माझा कुनी मामा न्हाई," ती म्हणाली आणि पेटी स्वतः वर नेली.

२

नवीन मुलगी आली की मी तिला नाव घातलेलं ताट देतो. फुकट. मरिया म्हणते, लग्नाच्या ऑर्डरीतून उरलेली ताटं खपवतो. तेही खरंच आहे. सुकन्या दुकानात आली, काउंटरपासून हातभर लांब उभी राहिली.

"नाव नका घालू."

"का गं?"

"नाव घातलं की कुनालाबी कळतं, कुनाचं ताट हाय."

"कळावं म्हणूनच घालतात!"

तिनं मशीनकडं बघितलं. मग आपणहून बोलली. तिच्या तोंडून एका दमात एवढं मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

"तिथं ताटावर नंबर हुता. माझा एकतीस. जेवायच्या टायमाला छबूबाई ओळीनं ताटं मांडायच्या. एक ताट मोकळं दिसलं की वरडायच्या, ताट कुनाचं राहिलं? ती पोरगी सापडंस्तोवर कुनी घास घ्यायचा न्हाई."

"आणि नाही सापडली तर?"

"सापडायचीच. समद्यांना भूक लागलेली असायची."

मी मशीन खाली ठेवलं.

"आन पाव्हने आले की हसायचं. मामा नमस्ते, मावशी नमस्ते. मी लई भारी हसायची. लोक म्हनायचे, किती गोड पोर हाय. माझाच फोटो काढायचे. त्या पोरीला मी तिथंच ठिवून आले. आता कुनासाठी हसायचं न्हाई."

"नको हसू," मी म्हणालो. "पण ताट तर घे."

शेवटी तिनं हो म्हटलं. फक्त नाव, आडनाव नको. मी नेहमीपेक्षा सावकाश कोरलं. सुकन्या. तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, दोनदा, आणि ताट ओढणीखाली झाकून वर गेली. चोरून नेल्यासारखं.

३

दिनक्रम असा. सुकन्याची पहिली शिफ्ट : सकाळी सातला कंपनीत, पॅकिंगला; साडेतीनला सुटून पावणेचारला घरी. निकिताची दुसरी : दुपारी अडीचला बाहेर, रात्री अकराला परत. म्हणजे अडीच ते पावणेचार वरचं घर रिकामं.

त्या सव्वा तासात मी दुकानात गिऱ्हाईक नसलं की खुर्चीवर डुलक्या काढतो. डोक्यावर त्यांचं स्वयंपाकघर. एके दुपारी वर आवाज झाला. स्टीलचं ताट फरशीवर ठेवलं की ते जरा थरथरतं आणि गप्प होतं, तो आवाज. जन्म भांड्यांत गेलाय माझा, तो मी झोपेतही ओळखेन. मग दुसरं ताट. मग तिसरं. एकमेकांपासून सारख्या अंतरावर, कुणी ओळीनं मांडत जावं तसं. पार भिंतीपर्यंत गेलं. वर ताटं दोनच होती.

मी म्हटलं, उंदीर असेल. उंदीर ताटं मांडत नाही हे मलाही कळतं, पण दुपारी माणूस असल्या गोष्टीत फार खोल जात नाही.

पावणेचारला सुकन्या घरी गेली. चारला खाली आली. माझ्यासमोर काउंटरवर एक ताट आपटलं. जुनं, काठ चेपलेलं, पाण्याचे थेंब अजून त्यावर.

"हे काय हाय?"

काठावर आकडा होता. ३१.

"रॅकमधी तीन ताटं व्हती. तिन्ही वली. निकिताचं, माझं आन हे. मशीन तुमच्याकडं हाय. आकडा तुमीच घातला असनार."

आता माझी ख्याती बघता कुणीही हेच म्हणालं असतं. मरिया पडद्याआडून म्हणालीच, "केलं असेल तर कबूल करा, पोरीचा जीव घेऊ नका."

मी ताट उजेडात धरलं. मशीनचा आकडा बारीक थरथरता असतो, केसासारखा. हा छिन्नीनं ठोकलेला होता, टिंबाटिंबानं, आणि टिंबांच्या खड्ड्यांत वर्षानुवर्षांची राख बसलेली. असं काम पंचवीस वर्षांत मी केलेलं नाही.

"चुकून तुझ्या पेटीत आलं असेल."

"माझी पेटी मी भरली. ताट तिथं ठिवलं, पालथं घालून. छबूबाईच्या देखत."

तिनं ते ताट नेऊन कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला दिलं. दुसऱ्या दिवशी ते रॅकमध्ये होतं. ओलं.

४

मग तिनं सापळे लावले. मोरीच्या उंबऱ्यावर पीठ भुरभुरलं. पेटीच्या कडीला केस गुंडाळला. पिठात पावलं उमटली. तिनं स्वतःचं पाऊल शेजारी ठेवून बघितलं. डाव्या करंगळीचा वाकडेपणासुद्धा तोच. पेटीचा केस मात्र जसाच्या तसा. पेटीला कुणी हात लावत नव्हतं.

निकिता मला म्हणाली, "मामा, पोरगी लई बदलली हो. पहिलं माझ्याशी बोलायची नाही. आता दुपारी मी निघायच्या आधी येऊन बसते. काल माझ्यासंगं मेथी निवडली. इतकी हसली, इतकी हसली! वेण्या घातलेल्या, लाल रिबिनी. म्हटलं, केस कुठून आणले गं, गंगावन लावलं का काय?"

"दुपारी? किती वाजता?"

"दोन असतील."

दोनला सुकन्या कंपनीत असते. तिथं आत जाताना-येताना मशीनवर अंगठा लावावा लागतो. मी तिच्या सुपरवायझरला ओळखतो, कल्याण नाव त्याचं. त्याच्या बहिणीच्या रुखवताची भांडी माझ्याकडंच झाली. त्याला विचारलं. महिनाभरात सुकन्या एक मिनिटही लवकर सुटलेली नव्हती.

मी स्वतःला समजावलं. निकिताची वेळेत गल्लत होत असेल. किंवा ती थापा मारत असेल. माझ्या घरात राहून एखाद्याला तेवढं लागायचंच. रॅकमधलं ताट सुकन्याच परत आणत असेल, आणि आणल्याचं विसरत असेल. लहानपण तसं गेलेल्या पोरींचं होतं म्हणे असं. हे शेवटचं मला फार पटलं, कारण ते पटलं की रात्री झोप लागत होती.

बुधवारी ताई आल्या. सुकन्याची शिफ्ट सुटायच्या आत येऊन गेल्या. जाताना दुकानात डोकावल्या, चेहरा फुललेला.

"कृपादानभाऊ, चमत्कार आहे! सुकन्यानं मला चहा करून दिला. स्वतःहून. मावशी म्हणाली मला. हे बघा, लिहूनच टाकलं." वहीत लिहिलं होतं : मोकळी होत आहे. छान जुळवून घेते.

पावणेचारला सुकन्या आली. मी सांगितलं. वाटलं, खूश होईल. ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली.

"मी चहा केला?"

"ताई म्हणाल्या."

"मी हसले?"

मी मान डोलावली.

"ताईंना सांगितलं की ती मी न्हवं, तर काय लिवतील वहीत?" तिनं गळ्यातला दोरा मुठीत आवळला. "आन न्हाई सांगितलं तर तीन महिन्यांनी इथं राहनार कोन?"

५

तीन महिने भरायला आठ दिवस उरले असताना निकिता मावशीकडं राजूरला गेली, चार दिवसांसाठी. सकाळी साडेसहाला सुकन्या दुकानाच्या शटरशी उभी. हातात नवं कोरं कुलूप, एकच चावी.

"आत बघून घ्या आधी."

मी तिच्याबरोबर वर गेलो. दोन्ही खोल्या, मोरी, कॉटखाली, माळ्यावर. कुणी नाही. रॅकमध्ये तिचं ताट आणि निकिताचं. ३१ नव्हतं. आम्ही बाहेर आलो. तिनं जाळीच्या दाराला कुलूप घातलं, ओढून बघितलं, मला ओढायला लावलं.

मग तिनं चावी माझ्यापुढं धरली. धरली, आणि सोडेना. मी टोक पकडलेलं, तिनं दुसरं टोक.

"माझ्याकडं ठिवली तर म्हनतील, हिनंच उघडलं. तुमच्याकडं ठिवते. तुमी साक्षीदार."

"ठेव की. मामावर विश्वास नाही?"

"न्हाई," ती म्हणाली. "पर दुसरं कुनी न्हाई." आणि चावी सोडली. "एकच काम करा. उघडू नका. कुनी आतून बोललं तरी उघडू नका."

"रिकाम्या घरात कोण बोलणार?"

"मी बोलले तरी."

"अगं, तू आतून कशी बोलशील?"

ती जिना उतरायला लागली होती. खालच्या पायरीवरून वळली. "शप्पथ घ्या."

मी घेतली. मरियाच्या गळ्याची. मरिया तेव्हा अंगणात दात घासत होती, तिला विचारलं नव्हतं.

६

दुपार झाली. मरिया चर्चमध्ये बायकांच्या सभेला गेलेली. रस्त्यावर टेम्पोसुद्धा नाही. मी एका पेल्यावर नाव घालत होतो, मशीनचा आवाज कानात. थांबवलं तेव्हा कळलं की वरही काहीतरी थांबलं.

मग ताटं. एक. दोन. तीन. ओळ भिंतीपर्यंत गेली आणि तिथून पुन्हा दुसरी ओळ सुरू झाली. मी मोजत होतो. एकतिसावं ताट ठेवल्यावर शांतता.

मग जाळीच्या दाराशी पावलं. अनवाणी.

"मामा."

सुकन्याचाच आवाज. पण आवाजात साखर.

"मामा, ऊन लागतंय हो जाळीतून. चुकून आत राहिले मी. मामा, उघडा ना."

मी जिना चढलो. काय आहे ते फक्त बघायला. चावी खिशातच होती. वर पोचलो तर दाराशी कुणी नव्हतं आणि कुलूप निघालेलं, कडीत नुसतं लोंबकळत. मी दार लोटलं, इतकंच.

स्वयंपाकघरात फरशीवर दोनच ताटं होती, समोरासमोर. एकावर ३१, त्यात भात, वरण, वाफ निघत असलेली. दुसऱ्यावर माझ्या हातची अक्षरं, सुकन्या. ते रिकामं. तेलाचा वास येत होता, खोबरेल तेलाचा, डोक्याला चोपडतात तसा.

मी उलट्या पावली दाराबाहेर आलो आणि जिन्याकडं तोंड केलं. खाली, पहिल्या पायरीशी सुकन्या उभी होती. कंपनीचा निळा कोट, डोक्याला जाळीची टोपी, घामानं भिजलेली. हाफ डे टाकून पळत आलेली असणार.

ऊन माझ्या समोरून, उजवीकडनं येत होतं. मागच्या डाव्या भिंतीवर माझी सावली पडलेली, डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होती. माझ्या सावलीच्या खांद्याशी आणखी एक सावली आली. बारकी. तिनं मान वाकडी केली, फोटोसाठी करतात तशी, आणि दोन वेण्या दोन बाजूंना हलल्या.

"ताट कुनाचं राहिलं, मामा?"

माझ्या मानेवर श्वास लागला. त्याला जेवणाचा वास होता.

मी मागं वळलो नाही. शप्पथ सांगतो, वळलो नाही. मी खाली बघत होतो. सुकन्या माझ्या मागं बघत नव्हती. माझ्या हाताकडं बघत होती. चावी माझ्या हातात होती. खिशातून कधी काढली, आठवत नाही.

"मामा," ती म्हणाली. पहिल्यांदा आणि शेवटचं. त्यात हाक नव्हती.

मग ती वळली आणि गेटाबाहेर पडली. मी धावलो, पण नेमकी कुठल्यातरी कंपनीची बस रिकामी झाली होती; निळे कोट, जाळीच्या टोप्या, शंभरेक पोरी. सगळ्या सारख्या.

वरून आवाज आला, "मामा, चहा ठेवू का?"

७

बुधवारी ताई आल्या. शेरा पडला. सुकन्या पक्की झाली. पेढे तिनंच वाटले. ताईंनी फोटो काढला. फोटोत ती मान वाकडी करून हसतेय. कुणालाही आवडेल अशी पोरगी आहे. मरियाला भाजी चिरून देते, मला दिवसातून वीस वेळा मामा म्हणते. केस महिनाभरात कमरेपर्यंत आले. निकिता विचारते, कुठलं तेल लावतेस गं?

कंपनीत मशीन तिचा अंगठा घेईना. कल्याण म्हणाला, पॅकिंगच्या पोरींचं होतं असं, पुठ्ठ्यानं बोटांची सालं झिजतात. नवा अंगठा नोंदवून घेतला.

तिची पेटी अजून कुलूपबंद आहे. एकदा विचारलं. "चावी हरवली हो, मामा," म्हणाली, आणि गळ्याला हात लावला. गळ्यात दोरा नव्हता.

पोलिसात जावं? काय सांगायचं? सुकन्या हरवली? ती वर मेथी निवडतेय.

जेवते ती ३१ मध्ये. नाव घातलेलं ताट तिनं पहिल्याच दिवशी खाली आणून दिलं. "हे कुनाचं तरी राहिलंय." मी ते दुकानात फळीवर पालथं ठेवलंय. सकाळी उचललं तर खाली फळी ओली असते. पण मरिया म्हणते, भिंतीला ओल आहे, आणि भिंतीला ओल आहेही.

तर ही गोष्ट. आता माझा नियम आहे, गोष्ट संपली की त्यातलं खोटं काय ते सांगून टाकायचं. लोक पैज लावतात. कुणी म्हणतं ताट खोटं, कुणी म्हणतं वेण्या खोट्या, मरिया म्हणते अख्खीच्या अख्खी खोटी. सगळे हरतात.

खोटं एवढंच. कुलूप निघालेलं नव्हतं.

मी वर गेलो तेव्हा ते घट्ट बंद होतं, सकाळी आम्ही दोघांनी ओढून बघितलं होतं तसंच. जाळीच्या आत ती उभी होती. तिनं मामा म्हटलं. आम्हाला मूलबाळ नाही. चांगलं वाटलं. दुसरी तीन महिन्यांत एकदाही तसं म्हणाली नव्हती.

साडेतीनला शिफ्ट सुटते. तेव्हा मी शटर अर्धं ओढून घेतो. खालच्या फटीतून पाय दिसतात, जाणारे-येणारे. एक जोडी कधी कधी थांबते. डाव्या पायाची करंगळी वाकडी. काही बोलत नाही, काही मागत नाही. जाळीच्या कुलपाची चावी माझ्याच गल्ल्यात आहे, फटीतून सरकवली तरी पोचेल.

अजून सरकवलेली नाही. वरून चहाला हाक येते, आणि मी जातो.